मुलाच्या खोलीतील पहिला स्टिरिओ

चेन्नईत अण्णा सालैच्या, म्हणजे पूर्वीच्या माउंट रोडच्या, लगत रिची स्ट्रीट नावाचा बाजार आहे. विजेच्या तारेच्या तुकड्यापासून संपूर्ण ध्वनिसंचापर्यंत सारे काही तेथे मिळते. मुलाचा आठवा-नववा वाढदिवस जवळ आला, की या शहरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेले आपले एखादे मराठी गृहस्थ त्या बाजाराची वाट धरतात आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतात, “किती वॅटचा आहे?” दुकानदारही उत्तर घेऊनच बसलेला असतो. खोक्यावर ठळक छापलेला चार आकडी अंक तो बोटाने दाखवितो. वडिलांचे समाधान होते आणि सौदा ठरतो. या प्रश्नोत्तरात मुलाच्या कानांचा विचार मात्र कोठेच झालेला नसतो.

‘स्टिरिओ’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ घन. चित्राला जशी लांबी-रुंदी असते आणि मूर्तीला त्याबरोबरच खोलीही असते, तसा आवाजालाही घनपणा असावा, ही त्यामागील कल्पना. आपल्या डावीकडे कोणी टाळी वाजविली, तर तिचा नाद डाव्या कानाशी आधी आणि उजव्या कानाशी किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. परंतु तेवढ्यावरून मेंदू टाळीची दिशा अचूक ओळखतो. एकाच स्पीकरमधून गाणे ऐकताना ही शक्ती निकामी होते. १९३१ साली अॅलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने दोन स्वतंत्र ध्वनिमार्गांच्या मुद्रणाचे एकस्व मागितले. तरीही बाजारात स्टिरिओ तबकड्या यावयास १९५८ साल उजाडले.

मद्रासच्या श्रवणाचा इतिहास तर एकाच कर्ण्यापासून सुरू होतो. येथील हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबाने १९२४ साली ध्वनिक्षेपण आरंभिले. पैशाअभावी ते १९२७ मध्ये थांबले, आणि १९३० पासून मद्रास महापालिकेने ते चालविले. मरीना किनाऱ्यावर लावलेल्या कर्ण्यांतून संध्याकाळी येणारे गाणे लोक वाळूत बसून ऐकत. पुढे १६ जून १९३८ रोजी येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. देशातील एफ. एम. प्रक्षेपणाचा आरंभही याच शहरातून १९७७ साली झाला. समुद्राच्या गाजेवर मात करण्यासाठी कर्ण्याला मोठा आवाज लागे, हे समजण्यासारखे आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीत एका मुलासाठी तो कशाला हवा?

आता वॅटचा हिशेब पाहू. लहान आकाराचा सर्वसाधारण स्पीकर एक वॅट शक्तीवर, एक मीटर अंतरावर, सुमारे ८६ डेसिबल इतका आवाज देतो. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली श्रवणाची मर्यादा आठवड्याला ४० तास, सरासरी ७५ डेसिबल अशी आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते; आवाज १० डेसिबलने वाढवावयाचा तर शक्ती दहापट लागते. याचा अर्थ असा, की ७५ डेसिबलसाठी एका वॅटचा दहावा भागही पुष्कळ झाला. संगीतात तबल्याची थाप किंवा झांजेचा आघात सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेतो, म्हणून थोडी शिल्लक हाताशी ठेवावी लागते. ती धरूनही प्रत्येक बाजूस १० ते १५ वॅट म्हणजे चैन आहे. खोक्यावरील हजारांचे आकडे बहुधा ‘पी. एम. पी. ओ.’ नावाच्या मापाने दिलेले असतात. क्षणार्धासाठी कल्पिलेली ती शक्ती आहे, आणि ती मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. ‘आर. एम. एस.’ या अक्षरांपुढील आकडा तेवढा विचारात घ्यावा. तोही खरा वाटत नसेल, तर संचाबरोबर मिळणारा अॅडॉप्टर उलटा करून वाचावा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिले असेल, तर आत जाणारी शक्तीच २४ वॅट आहे. तिच्यातून शंभर वॅट सतत निघावेत हा चमत्कार कोणत्याही कारखान्याला साधलेला नाही. अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

ही मर्यादा ओलांडली, की अवधी झपाट्याने घटतो. आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित काळ निम्मा होतो : ७८ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८१ ला १०, ८४ ला अवघे ५. अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी नादाचे विद्युत्संदेशात रूपांतर करतात, त्या माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मुलाला हे नुकसान जाणवतही नाही, कारण दुखत काहीच नाही. म्हणूनच कानात खुपसावयाच्या यंत्रापेक्षा खोलीतील स्पीकर मी अधिक पसंत करीन. आवाज वाढला तर तो आईबापांनाही ऐकू येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना स्वर चढवावा लागला, तर आवाज जास्त आहे, असे खुशाल समजावे.

चेन्नईत या बाबतीत एक विशेष अडचण आहे. उकाड्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस छताचा पंखा फिरत असतो आणि त्याच्या घरघरीवर गाणे चढविण्याकडे मुलाचा कल होतो. घरात फरशी, गिलावा केलेल्या भिंती, उघड्या खिडक्या. गालिचे आणि जाड पडदे येथे कोण लावणार? अशा खोलीत नाद भिंतींवर आपटून घोटाळतो, शब्द अस्पष्ट होतात, आणि अस्पष्ट झाले म्हणून आवाज आणखी वाढविला जातो. यावर उपाय संचात नाही, खोलीत आहे. कोरई गवताची चटई, एक सुती गोधडी आणि पुस्तकांनी भरलेले उघडे फडताळ, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. स्पीकर मुलाच्या जवळ ठेवणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय.

येथे ‘आटोपशीर’ या शब्दाचा नीट अर्थ लावला पाहिजे. हल्ली एकाच नळकांड्यात दोन स्पीकर बसविलेली ब्लूटूथ यंत्रे ‘स्टिरिओ’ म्हणून विकली जातात. त्या दोहोंत वीतभर अंतर असते. तीन हातांवर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने ते जवळजवळ एकच. आपल्याला हवेत दोन सुटे, लहान डबे. अभ्यासाच्या टेबलावर त्यांत तीन फूट अंतर ठेवावे, मुलाने तितक्याच अंतरावर बसावे, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण होतो. डब्यांचे तोंड मुलाकडे आणि उंची त्याच्या कानाच्या पातळीत असावी. तार जोडताना लाल टोक लाल खुंटीला आणि काळे काळ्या खुंटीला जावे. एका डब्याची जोडणी उलटी झाली, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक कोठे बसला आहे हेच कळेनासे होते. निम्म्या तक्रारींचे मूळ मला एवढ्यातच आढळले आहे. घनगंभीर खर्जासाठी वेगळा मोठा डबा मिळतो, तो मात्र घेऊ नये. त्या लहरींची लांबी कित्येक मीटर असते. त्या भिंतीला जुमानत नाहीत, आणि शेजारच्या मामींच्या दुपारच्या झोपेचा प्रश्न उभा राहतो. चार इंची पडद्याचा स्पीकर डग्ग्याचा घुमार पुरेसा देतो. पडद्याची कड फोमची नसून रबराची असावी, कारण उष्ण व दमट हवेत फोम काही वर्षांत भुरभुरतो.

दुकानात परीक्षा कशी करावी? विक्रेता खर्ज आणि आवाज दोन्ही चढवूनच संच सुरू करील, कारण मोठा आवाज क्षणभर नेहमीच चांगला भासतो. त्याला आवाज अगदी खाली आणावयास सांगावे आणि आधी गाणे न लावता बोलणे लावावे. आकाशवाणीची मराठी केंद्रे आता इंटरनेटवरून चेन्नईतही ऐकू येतात. एखादे बातमीपत्र लावावे. ‘चाक’ मधला च आणि ‘चार’ मधला च निराळा कळतो का? ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळतात का? मंद आवाजात हे भेद टिकले, तर संच चांगला. मग आपल्या परिचयाचे एखादे गीत ऐकावे.

गाणे कोठून यावे, याविषयी माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. ज्या संचाला केवळ मोबाइल जोडूनच गाणे लागते, तो मुलाच्या हाती मोबाइल देण्याचे निमित्त ठरतो. एफ. एम. रेडिओ, सी. डी. किंवा पेन ड्राइव्ह यांवर चालणारा, गोल फिरवावयाच्या बटणाचा संच त्याला स्वतःचे स्वतः ऐकू देतो. पेन ड्राइव्हवर आईने निवडलेली गाणी असावीत, आणि सांगलीच्या किंवा सोलापूरच्या आजीने सांगितलेल्या चार गोष्टीही मुद्रित करून ठेवाव्यात. काही संचांत आवाजाची कमाल पातळी कायम करून ठेवता येते. ती सोय असल्यास अवश्य वापरावी. रिमोटमध्ये नाण्याच्या आकाराची बॅटरी असेल, तर तिचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे. धाकट्या भावंडाने ती गिळल्यास दोन तासांच्या आतच अन्ननलिका भाजून निघू शकते. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील पावसाळा. गडगडाट होण्याची चिन्हे दिसताच प्लग काढून ठेवावा.

डिसेंबरात मार्गळी महिन्याबरोबर संगीताचा मोसमही येतो आणि सभागृहे गजबजतात. मुलाला एकदा कचेरीला नेऊन पुढे बसवावे. मध्ये गायक, एका बाजूस व्हायोलिन, दुसऱ्या बाजूस मृदंग, ही मांडणी त्याला डोळ्यांनी पाहू द्यावी. मग घरी तशाच कचेरीचे स्टिरिओ मुद्रण लावून, डोळे मिटून, कोण कोठे बसले आहे ते बोटाने दाखवावयास सांगावे. दोन डब्यांच्या मधोमध, जेथे काहीच ठेवलेले नाही, तेथे तो गायकाकडे बोट करील. बालगंधर्वांची जुनी पदे लावली, तर सारेच मधून ऐकू येईल. ती मुद्रणे एकेरी आहेत, संच परत करावयाचे कारण नाही. आणि एफ. एम. वर खरखर येऊ लागली, तर ‘मोनो’चे बटण दाबावे. दुर्बल लहरीवर स्टिरिओ नेहमीच खरखरतो.