ओझ नावाचा देश

हिरव्या नगरीच्या वेशीवर एक द्वारपाल बसलेला असतो. त्याच्याजवळ मोठी पेटी असते आणि पेटीत लहानमोठ्या सर्व मापांचे हिरवे चष्मे. आत जायचं तर प्रत्येकाने चष्मा चढवायचा. माणसाने चढवायचाच, कुत्र्यानेसुद्धा. डोक्यामागे पट्टा आवळून द्वारपाल त्याला कुलूप लावतो आणि किल्ली आपल्या गळ्यात अडकवतो. नगरीचं तेज उघड्या डोळ्यांना सोसणार नाही, असं तो सांगतो. काही प्रकरणांनंतर नगरीचा सर्वशक्तिमान जादूगार स्वतःच कबुली देतो, की हे शहर इतर शहरांहून जास्त हिरवं नाही. हिरव्या आहेत त्या चष्म्याच्या काचा. आणि तो स्वतःही जादूगार नाही. तो अमेरिकेतल्या ओमाहा गावचा शब्दभ्रमकार. पुढे सर्कशीसाठी गर्दी जमवायला फुग्यात बसून वर जायचा. एकदा दोर गुंतले, खाली उतरता येईना, आणि वाऱ्याने त्याला या देशात आणून टाकलं. आभाळातून आलेला माणूस पाहून लोकांनी त्याला मांत्रिक ठरवलं. त्यानेही नाही म्हटलं नाही.

लायमन फ्रँक बॉम यांच्या 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' या १९०० साली शिकागोत निघालेल्या पुस्तकातली ही गोष्ट. जादूच्या देशातली सगळ्यात मोठी जादू खोटी, आणि ती पाहणारं पोर तरीही निराश होत नाही, ही कल्पना तोवरच्या परीकथांना नवी होती. ती सुचायला बहुधा बॉम यांच्यासारखा धंद्यातलाच माणूस लागला असावा. त्याच साली त्यांचं आणखी एक पुस्तक निघालं. त्याचा विषय होता कापडदुकानाची दर्शनी काच कशी सजवावी. १८९७ पासून ते या विषयाचं मासिकच चालवत होते. काच, आरसा, रंगीत उजेड यांनी साध्या मालाला मोल कसं आणायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगोचा. हृदय लहानपणापासून कमजोर, आणि डोक्यात दर दोन वर्षांनी नवा उद्योग. त्यांनी नाटकं लिहिली, नाटकांत कामं केली. हँबर्ग जातीच्या कोंबड्या पाळल्या. त्यांचं पहिलं पुस्तक या कोंबड्यांवर आहे, १८८६ सालचं. १८८८ मध्ये ते डकोटातल्या ॲबरडीन गावी गेले आणि 'बॉम्स बझार' नावाचं दुकान थाटलं. खेळणी, चिनी मातीची भांडी, दिवे, मिठाई, सगळं मिळायचं. पण दुष्काळ पडला, उधारी वसूल होईना, आणि १८९० उजाडताच दुकानाला टाळं लागलं. मग गावचं साप्ताहिक चालवायला घेतलं, तेही बुडालं. १८९१ मध्ये कुटुंब शिकागोला आलं आणि बॉम काचसामानाचे फिरते विक्रेते झाले.

पुस्तकाच्या सुरुवातीचं कॅन्सस राख फासल्यासारखं आहे: जमीन करडी, घर करडं, नायिका डोरोथीच्या काका-काकूंचे चेहरेही करडे. बॉम यांच्या आठवणीतला तो डकोटाचा दुष्काळ आहे. पण डकोटाच्या त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९०च्या डिसेंबरात आणि १८९१च्या जानेवारीत, वुंडेड नी इथे झालेल्या सू लोकांच्या हत्याकांडाच्या आगेमागे, बॉम यांनी आपल्या साप्ताहिकात दोन संपादकीयं लिहिली आणि त्यांत मूळनिवासी जमातींचा समूळ नाश करावा असं म्हटलं. भित्र्या सिंहाला आणि पेंढ्याच्या बुजगावण्याला इतक्या मायेने वागवणाऱ्या हाताने हे लिहिलं. २००६ मध्ये त्यांच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर माफी मागितली.

घरात वारं वेगळं होतं. पत्नी मॉड ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मटिल्डा जॉसलिन गेज यांची मुलगी. सासूबाई दर हिवाळ्यात लेकीकडे यायच्या. जावई आपल्या चार मुलांना रात्री गोष्टी सांगतो, त्या लिहून काढ म्हणून पाठीस लागल्या त्याच. थिऑसॉफीचा नादही त्यांच्याकडूनच लागला. १८९२ मध्ये बॉम पती-पत्नी थिऑसॉफिकल सोसायटीच्या ज्या शिकागो शाखेचे सभासद झाले, तिचं नाव 'रामायण' होतं. ही सोसायटी न्यूयॉर्कमध्ये जन्मली, १८७९ ते १८८२ या काळात तिचं ठाणं आपल्या मुंबईत होतं आणि मग ते अड्यारला गेलं. ओझमध्ये रामायण शोधत बसण्यात अर्थ नाही. पंखवाली माकडं आहेत खरी, पण ती सोन्याच्या टोपीच्या मालकाची वेठबिगार करतात.

हस्तलिखित ९ ऑक्टोबर १८९९ रोजी पुरं झालं. बॉम यांनी ज्या पेन्सिलीने लिहिलं तिचं उरलेलं थोटूक तारीख घालून चौकटीत बसवून ठेवलं. चित्रं विल्यम डेन्सलोची होती. २४ पानभर रंगीत चित्रं छापायचा खर्च प्रकाशकाला झेपेना, म्हणून लेखक आणि चित्रकाराने ठशांचे पैसे स्वतः भरले. पैसा सार्थकी लागला. डोरोथी जिथे जाईल तिथला रंग पानभर पसरतो, कधी मजकुराखालूनही वाहतो. पूर्वेचा मंचकिनांचा मुलूख निळा, पश्चिमेचा विंकींचा पिवळा, दक्षिणेचा क्वाडलिंगांचा तांबडा, मधोमध हिरवी नगरी. उत्तरेच्या गिलिकिनांना जांभळा रंग मिळाला तो पुढच्या पुस्तकात. सभोवार वाळवंट. मुलाला भूगोल रंगांवरून पाठ होतो.

प्रस्तावनेत बॉम म्हणतात, की जुन्या परीकथांमधलं दुःख आणि भीती गाळून फक्त नवल आणि आनंद ठेवायचा त्यांचा विचार आहे. हे आश्वासन त्यांनी फारसं पाळलेलं नाही. पत्र्याचा लाकूडतोड्या एकामागून एक ४० लांडग्यांची मुंडकी उडवतो, बुजगावणं ४० कावळ्यांच्या माना पिरगळतं, आणि डोरोथी एका चेटकिणीला वादळाने उडवून आणलेल्या घराखाली आणि दुसरीला बादलीभर पाण्याने संपवते.

या लाकूडतोड्याची कथा मला साऱ्या मालिकेत सर्वांत विलक्षण वाटते. तो मुळात हाडामांसाचा, निक चॉपर नावाचा तरुण. एका मुलीवर त्याचं प्रेम बसतं, चेटकीण त्याच्या कुऱ्हाडीवर मंत्र घालते, आणि कुऱ्हाड निसटून त्याचा पाय तोडते. तो पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून नवा पाय बसवून घेतो. मग दुसरा पाय, हात, डोकं, शेवटी धड. सगळा माणूस पत्र्याचा होतो, हृदय तेवढं नसतं. म्हणून ते मागायला तो डोरोथीबरोबर निघतो. इथवर पहिलं पुस्तक. १८ वर्षांनी, १९१८ मध्ये, बॉम या कथेकडे परतले. लाकूडतोड्या आपल्या जुन्या प्रेयसीला शोधायला निघतो, वाटेत त्या कारागिराच्या घरी थांबतो आणि एक कपाट उघडतो. आत त्याचं स्वतःचं जुनं डोकं असतं, जिवंत आणि चिडखोर. दोघांचं बोलणं होतं. मी तूच आहे, असं पत्र्याचा निक म्हणतो, पण डोक्याला ते मान्य नसतं. अशाच दुर्दैवाने पत्र्याचा झालेला एक शिपाई त्याला वाटेत भेटलेला असतो, आणि पुढे कळतं, की दोघांच्या टाकून दिलेल्या अवयवांना जादूचा डिंक लावून कारागिराने एक तिसराच माणूस जोडला आहे. प्रेयसीने लग्न केलं ते या तिसऱ्याशी. एकेक भाग बदलत गेलेली वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न दहा वर्षांच्या वाचकासमोर इतक्या सहजपणे कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

ओझचं नवल असं कारखान्यातल्या, बाजारातल्या वस्तूंचं बनलेलं आहे. १९०७च्या पुस्तकातला टिक-टॉक हा तांब्याचा गोल माणूस. त्याला विचार, वाचा आणि हालचाल यांच्या तीन वेगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात, आणि अंगावर उत्पादकाच्या हमीचा मजकूर असतो. एखाद्या वेळी विचाराची किल्ली संपते आणि वाचा चालूच राहते, असंही होतं. हा आजार टिक-टॉकपुरता मर्यादित नाही.

पहिल्या पुस्तकानंतर बॉम यांना ओझमध्ये परतायचं नव्हतं. पण १९०२ मध्ये त्यावर रचलेलं संगीत नाटक शिकागोत तुफान चाललं आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं. (त्यात डोरोथीच्या टोटो कुत्र्याची जागा इमोजेन नावाच्या गाईने घेतली होती.) मुलांची पत्रं येत राहिली. भेटायला आलेल्या एका मुलीला बॉम यांनी शब्द दिला, की हजार मुलींची हजार पत्रं आली तर पुढचं पुस्तक लिहीन. १९०४ मध्ये ते निघालं. त्यात विणकामाच्या सुया घेतलेल्या मुलींची फौज हिरवी नगरी काबीज करते, आणि टिप नावाचा मुलगा म्हणजेच मंत्राने बदललेली राजकन्या ओझ्मा निघते. पुढची सगळी पुस्तकं तिच्या राज्यकाळात घडतात. सासूबाई तोवर वारल्या होत्या. मुलींच्या फौजेची थट्टा त्यांना रुचली असती की नाही कोण जाणे, पण गादीवर मुलगी बसलेली आवडली असती.

या मालिकेने बॉम यांना पैसा दिला आणि त्यांनी तो उधळला. १९०८ मध्ये त्यांनी रंगवलेल्या फिल्म, काचचित्रं आणि वाद्यवृंद घेऊन ओझची कथा रंगमंचावरून सांगणारा दौरा काढला. खर्च उत्पन्नाहून फार झाला. मराठी कानाला 'ओझ' हा शब्द ऐकताच जे वाटतं, तेच लेखकाला तोवर वाटू लागलं होतं. १९१०च्या सहाव्या पुस्तकात त्यांनी दार लावून घेतलं. कॅन्ससमधलं गहाण शेत जाणार म्हणून डोरोथी काका-काकूंना कायमचं ओझमध्ये नेते. तिथे पैसा नाही, गरिबी नाही, आजार नाही. मग चेटूक करून सारा देश बाहेरच्या जगाला अदृश्य केला जातो, आणि लेखकाला डोरोथीची चिठ्ठी येते, की यापुढे आमची खबर मिळणार नाही.

कुटुंब त्याच वर्षी हॉलिवूडला गेलं. बॉम यांनी समुद्रातल्या पऱ्यांवर लिहिलं, आभाळातल्या बेटावर लिहिलं. पुस्तकं वाईट नव्हती, पण खप कमी झाला. १९११ मध्ये त्यांनी दिवाळं जाहीर केलं, आणि पहिल्या पुस्तकाचं मानधनही देणेकऱ्यांच्या हाती गेलं. इकडे मुलांची पत्रं थांबेनात. देश दिसत नाही तर बिनतारी यंत्राने बातमी मागवा, असं एका मुलाने सुचवलं. मार्कोनीच्या शोधाचा तेव्हा बोलबाला होता. लेखकाने ही सूचना उचलली, आणि १९१३च्या पुस्तकाच्या आरंभी बिनतारी संदेशाने ओझशी पुन्हा संपर्क झाल्याचं सांगितलं. तेव्हापासून ते वर्षाला एक पुस्तक लिहीत राहिले. स्वतःला 'ओझचे शाही इतिहासकार' म्हणवत. ६ मे १९१९ रोजी ते वारले. १४वं पुस्तक १९२० मध्ये निघालं.

उशिराच्या पुस्तकांत एक नियम येतो: देशावर मंत्र पडला तेव्हा जो ज्या वयाचा होता तो त्याच वयाचा राहिला. तान्ही बाळं पाळण्यात तान्हीच. बॉम हे वरदान म्हणून सांगतात. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आईला काय वाटत असेल, हे त्यांनी विचारलेलं नाही.

प्रकाशकाने मालिका थांबू दिली नाही. फिलाडेल्फियाच्या रूथ प्लमली थॉम्पसन यांनी १९२१ ते १९३९ या काळात १९ पुस्तकं लिहिली, बॉम यांच्याहून पाच जास्त. इतरांची धरून अधिकृत संख्या ४० झाली. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या ग्रंथालयप्रमुखांनी ओझची पुस्तकं मुलांच्या उपयोगाची नाहीत असं म्हटल्याने वाद पेटला, आणि त्याच वर्षी १३ वर्षांच्या एका मुलाने आंतरराष्ट्रीय ओझ क्लब काढला. तो अजून आहे.

सर्वांत विचित्र प्रवास मात्र रशियात झाला. अलेक्सांद्र वोल्कोव हे मॉस्कोच्या धातुविद्येच्या संस्थेत गणित शिकवायचे. इंग्रजीच्या सरावासाठी हाती आलेलं बॉम यांचं पुस्तक त्यांनी रशियनमध्ये आणलं. आणता आणता बदललं. १९३९ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात डोरोथीची एली झाली, जादूगाराचा गुडविन झाला, आणि ओझ हे नावच गेलं. पोरक्या डोरोथीच्या जागी आलेल्या एलीला कालांतराने आई-वडीलही मिळाले. तिला जादूच्या देशात नेणारं वादळही आपोआप येत नाही, दुष्ट चेटकीण ते पाठवते. गणितज्ञाला कारणाशिवाय परिणाम चालला नसावा. १९५९च्या सुधारित आवृत्तीला लिओनिद व्लादिमीर्स्की यांची चित्रं लाभली. वाचकांची पत्रं इथेही आलीच, आणि वोल्कोव यांनी स्वतःच्या कल्पनेने आणखी पाच पुस्तकं लिहिली. त्यांतल्या पहिल्यात ऊर्फिन ज्यूस नावाचा सुतार एका अजब तणाची भुकटी लाकडी शिपायांवर टाकून फौज उभी करतो. सोव्हिएत संघातल्या पिढ्या या देशावर वाढल्या.

१९३९ हेच वर्ष हॉलिवूडच्या चित्रपटाचंही. मूळ पुस्तकात डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. रंगीत फिल्मवर उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल झाले, आणि सारा प्रवास एक स्वप्न ठरला, जे बॉम यांनी कधीच म्हटलं नव्हतं. त्या चित्रपटासाठी बनवलेल्या लाल जोड्यांपैकी एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये सापडला. डिसेंबर २०२४च्या लिलावात त्याला ३ कोटी २५ लाख डॉलर आले. पुस्तकातले चांदीचे जोडे मात्र कॅन्ससला परतताना उड्डाणातच डोरोथीच्या पायांतून निसटतात आणि वाळवंटात पडतात. ते कुणालाच मिळालेले नाहीत.