पहिले दळण

पिशोरच्या आठवडी बाजारात धान्याच्या पालांपुढे उभे राहिले, म्हणजे ज्याला गहू वर्ज्य आहे अशा माणसाला या गावी काय उणे, असेच कोणालाही वाटेल. कन्नड तालुक्यातील हा अंजना नदीकाठचा मुलूख मूळचा भाकरीचा. ज्वारी, बाजरी आणि आता शिवारभर पसरलेला मका, या तिन्हींत ग्लुटेन नावाला नाही. तरीही नातीला सीलिअॅक रोग असल्याचे निदान झाल्यापासून गेली दोन वर्षे मी आणि तिची आजी ज्या उद्योगात गुंतलो आहोत, त्यात धान्य मिळवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. सारे कष्ट गव्हाला त्या धान्यापासून दूर ठेवण्याचे आहेत.

गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन पोटात गेले की या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अस्तरावरील सूक्ष्म अंकुर सपाट होतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. यावर औषध नाही. आजन्म पथ्य हाच उपचार. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी शंका होतीच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नान्नदशा होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा ती बळावली, आणि १९५० च्या आपल्या प्रबंधात त्यांनी ती सप्रमाण मांडली. हे वाचताना मला आमचा १९७२ चा दुष्काळ आठवला. रेशनवर मिळालेल्या परदेशी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाताना घरातील मोठ्यांची मान खाली जाई, हे मी लहानपणी पाहिले आहे. पुढे गहू सुलभ झाला, पोळी पाहुण्यांची आणि प्रतिष्ठेची झाली. नातीने शाळेच्या डब्यातील भाकरी लपवून खाल्ल्याचे कळले, त्या दिवशी या पालटाची खरी किंमत मला उमगली.

पहिला बंदोबस्त खळ्यावर करावा लागतो. रब्बीची ज्वारी आणि गहू थोड्याच अंतराने काढणीस येतात आणि एकच मळणी यंत्र या शेतातून त्या शेतात फिरते. त्याच्या पोटात राहिलेला गहू पुढच्याच्या ज्वारीत उतरतो. म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही आमच्यापुरती कणसे वेगळी खुडून, स्वच्छ ताडपत्रीवर काठीने बडवून घेतो आणि नव्या पोत्यात भरतो. त्यानंतरही निवडणे चुकत नाही. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट, पोटावर खाच असलेला. सुपात धान्य पसरले की आजीचे बोट डोळ्यांच्या आधी त्यावर पोहोचते. बाजरीचे काम त्यामानाने सोपे, कारण बारीक चाळणीतून बाजरी खाली जाते आणि गहू वर राहतो. ‘ग्लुटेनरहित’ म्हणवणाऱ्या जिनसाला आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात सुमारे दहावा हिस्सा ग्लुटेन धरले, तर किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे राहिले की ती मर्यादा गाठली. हा हिशेब मी मांडला त्या दिवसापासून आजी निवडलेले धान्य पुन्हा एकदा निवडते.

इतके करून धान्य गिरणीत नेले आणि पहिल्याच महिन्यात मुलगी पुन्हा आजारी पडली. एका गिरणीवर आमच्या आधी गहू दळला गेला होता आणि दगडांत, पीठ पडणाऱ्या कापडी नळीत त्याचे पीठ शिल्लक होते. दळायला आलेली बाई ‘आधी काय दळलंय?’ असे विचारते, ते डाळीचे पीठ आपल्या पिठात येऊ नये म्हणून. उपवासाचे पीठ दळायचे असले तर तोच प्रश्न अधिक करड्या स्वरात विचारला जातो. ही जुनी शिस्त आम्हांला उपयोगी पडली. आता ज्या गिरणीवाल्याकडे आम्ही जातो, त्याला रोगाचे नाव सांगून काही उमजले नाही, पण आजीने ‘भाऊ, उपवासाचं असतं ना, तसंच समजा, रोजच्या रोज’ असे सांगताच तो म्हणाला, ‘मग टाकी लावली की पहिलं दळण तुमचं.’ दगडांना टाकी लावल्यावर तो आधी जनावरांसाठी मक्याचा भरडा काढतो. त्याबरोबर दगडाची कच आणि जुने पीठ निघून जाते, धुतलेली नळी बसते, आणि मग आमची ज्वारी पडते.

पण टाकी रोज लागत नाही, आणि ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले तर त्याची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. बाजरीचे तर कडूच होते. कणीक ताणली तरी तुटत नाही ती ग्लुटेनमुळे. ते ज्यात नाही अशा पिठाला ताजेपणा, आधणाचे पाणी आणि थापणारा हात, एवढाच आधार. म्हणून दोन दळणांमधल्या दिवसांसाठी माळ्यावरचे जाते खाली आले, पाथरवटाकडून नव्याने टाकून घेतले, आणि पहाटे त्याची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली.

न्याहारीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ छळत राहिला. उप्पीट आणि शेवया गव्हाच्याच. मक्याचे तयार पोहे निर्धास्तपणे आणले, तर खोक्यावर बारीक अक्षरांत जवाचे माल्ट निघाले. हिंगाच्या डबीवर मैदा निघाला. खपली गहू चालतो असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटले; तोही गहूच, हे त्यांना पटवणे जड गेले. शेवटी आधार मिळाला तो एकादशीच्या फराळाचा, म्हणजे भगर, राजगिरा, शिंगाडा यांचा, आणि नागपंचमीच्या लाह्यांचा. भडभुंज्याच्या भट्टीत गहूही भाजला जातो, तेव्हा लाह्या घरीच. बारीक, कठीण दाण्याची ज्वारी घ्यावी, पाण्यातून काढून रात्रभर फडक्यात बांधून ठेवावी, सकाळी तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून वर झाकण धरावे. फुटण्याचा आवाज विरळ झाला की उतरावे. दूध-गुळाबरोबर वाटीभर लाह्या खाऊन मुलगी शाळेत जाते. तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून भाकरीला बाजरी आम्ही ‘धनशक्ती’ वाणाची शोधतो. अधिक लोह असलेला हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला.

गेल्या आठवड्यात दळणाला तीही हट्टाने बरोबर आली. गिरणीत गर्दी होती, पट्ट्याच्या आवाजात माझे बोलणे कोणाच्या कानी जाईना. मी पुढे सरकण्याच्या आत आठ वर्षांची ती पोर डबा छातीशी धरून पाट्यापाशी गेली आणि टाचा उंचावून मोठ्याने म्हणाली, ‘काका, आधी काय दळलंय?’