देहातील दाखला

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या शिवारात विहिरीत पडलेल्या एका पोक्त बिबट्याला वनखात्याने बाहेर काढले, आणि वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या देखरेखीखाली त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संधान राखणारा पट्टा बांधून व शेपटीत एक चिप टोचून त्याला माळशेज घाटात सोडून दिले. ‘आजोबा’ या नावाने पुढे चित्रपटाचा विषय झालेला हा प्राणी सुमारे १२० किलोमीटरांची मजल मारून, कसाऱ्याच्या बाजूने, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोहोचला. त्याचा मार्ग अभ्यासकांना कळला तो गळ्यातील पट्ट्यामुळे. २०११ साली वाहनाच्या धडकेने त्याला मरण आले, तेव्हा त्याची ओळख पटविली ती मात्र शेपटीतल्या चिपने.

निफाड-दिंडोरीच्या उसात बिबट्याचा वावर ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या नाशिककरांना या दोन साधनांतील फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारण माणसाच्या अंगात चिप बसविण्याची गोष्ट निघाली की हटकून या दोहोंची गल्लत होते. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड अशी काचेची बंद नळी. तिच्यात तारेचे एक वेटोळे आणि एक सूक्ष्म मंडल असते, बॅटरी नसते. वाचक यंत्र काही सेंटिमीटरांवर आणले म्हणजे त्याच्या रेडिओलहरींनी वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते आणि चिप आपला अंक, जनावरांच्या बाबतीत १५ आकडी, कळवून पुन्हा निपचित पडते. तिला आपला ठावठिकाणा ठाऊक नसतो, धन्याचे नावही ठाऊक नसते. नाव, गाव व पूर्ववृत्त ही सारी माहिती दूर कोठेतरी दप्तरात नोंदलेली असते. तात्पर्य, चिप भिण्याजोगी ठरते ती त्या दप्तरामुळे, आणि तो अंक कोण, केव्हा, कोणाच्या संमतीने वाचतो या प्रश्नामुळे.

मनुष्यदेहात अशी चिप शिरली ती प्रथम कुतूहलापोटी. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केव्हिन वॉरविक यांनी १९९८ च्या ऑगस्टात आपल्या दंडात ती बसवून घेतली, आणि विद्यापीठातील दारे व दिवे त्यांच्या येण्याजाण्याची दखल घेऊ लागले. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘व्हेरीचिप’ नावाच्या चिपेला रुग्णाची ओळख पटविण्यासाठी अनुज्ञा दिली. बेशुद्ध रुग्णाची व्याधी व औषधे वैद्याला तत्काळ कळावीत, हा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु त्याच वर्षी बार्सिलोनातील एका विलासगृहाने खास गिऱ्हाइकांना तीच चिप टोचली, आणि मेक्सिकोच्या महान्यायवादींच्या कचेरीतील काही अधिकाऱ्यांच्या दंडातही ती गेली. २००६ साली संशोधकांनी या चिपेची हुबेहूब नक्कल करून दाखविली, आणि त्यात नवल नव्हते. कारण जो कोणी वाचक यंत्र पुढे करील त्याला ती काहीएक न विचारता आपला अंक सांगत असे. २०१० साली तिची विक्री बंद झाली.

याच्या नेमकी उलट रचना नाशिककरांच्या पंचक्रोशीतच पाहावयास मिळते. १९२५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात टपालाची तिकिटे छापली जातात, तसेच देशाचे पासपोर्टही. २००८ च्या जूनमध्ये भारताचा पहिला इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. आता सामान्य नागरिकांनाही मुखपृष्ठावर छोटे सोनेरी चिन्ह असलेले असे पासपोर्ट मिळू लागले आहेत. त्यातही चिप आहे, आणि तिच्यात धन्याचा तपशील व चेहरा साठविलेला असतो. तथापि या चिपांविषयी जी आंतरराष्ट्रीय प्रमाणके ठरली, त्यांत एक शहाणपणाची तरतूद आहे. आतील पानावर छापलेला पासपोर्टचा क्रमांक, धन्याची जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून चिपेची किल्ली तयार होते. म्हणजे धन्याने पुस्तिका हाती देऊन ते पान यंत्रासमोर उघडल्याखेरीज चिप आपला मजकूर सांगत नाही. गर्दीत शेजारून जाणाऱ्याने खिशातला पासपोर्ट परस्पर वाचू नये, म्हणून ही योजना.

मला जे म्हणावयाचे आहे ते येथेच आहे. ओळख ही माणसाने दाखवावयाची गोष्ट आहे. दाखला मागणाऱ्याने तो मागावा, देणाऱ्याने तो द्यावा किंवा नाकारून त्याचे परिणाम सोसावेत; या व्यवहारात दोन्ही पक्षांना आपण काय करीत आहोत याची जाणीव असते. त्वचेखालच्या चिपेला ही जाणीव लागत नाही. ती घरी ठेवून बाहेर पडता येत नाही, आणि ती कधी वाचली गेली हे धन्याला कळतही नाही.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या कारभारातही होता. मोगली लष्करात हजिरीच्या वेळी भाडोत्री तट्टू पुढे करून सरकारी तैनात उपटली जाऊ नये, म्हणून घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग देत. स्वाराची मात्र चेहरेपट्टी, म्हणजे वर्ण, बांधा, तीळ व व्रण, कागदावर उतरवून घेत. डाग जनावराला आणि कागद माणसाला, ही मर्यादा त्या कठोर अमदानीतही पाळली गेली. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांच्या माथी पोलिसपाटलाकडची हजेरी आली आणि पुढे बोटांचे ठसेही आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला तरी पारधी समाजाला त्या दप्तराची झळ आजही लागते. सक्तीच्या नोंदीचा जाच प्रथम कोणाला होतो, हे यावरून दिसावे.

नाशिक महसूल विभागातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेणाऱ्या या योजनेने सुई न टोचताच देहाचा दाखला केला. मग शिधावाटपाच्या दुकानात कष्टाने झिजलेली बोटे यंत्राला पटेनात, तेव्हा हाडामांसाचा माणूस समोर उभा असूनही तो स्वतःला सिद्ध करू शकेना. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुढील वर्षी आधार कायदा बहुमताने कायम राहिला, पण खासगी कंपन्यांना दिलेली मुभा काढून घेण्यात आली.

राहता राहिला स्वेच्छेचा मुद्दा. २०१७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या सुमारे ५० नोकरांनी दार उघडण्यासाठी व खाऊच्या यंत्राचे पैसे चुकते करण्यासाठी हातात चिप घेतली; स्वीडनमध्येही काही हजार लोकांनी ती हौसेने बसविली. विस्कॉन्सिनने २००६ सालीच सक्तीच्या चिपेला कायद्याने बंदी केली होती, म्हणून तेथील ‘हो’ला काही अर्थ होता. जेथे असा कायदा नाही, तेथे पगारदाराची संमती धन्याच्या भुवईवर अवलंबून राहते.

गर्दीचा बंदोबस्त करण्यास मात्र प्रत्येकाचे नाव लागतेच असे नाही. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेला. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने बनविलेली चटई वाटेवर अंथरण्यात आली, आणि तिने पावलांचा दाब ओळखून किती माणसे गेली ते मोजले, कोण गेले ते विचारले नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी यंत्रे मांडणाऱ्यांनी प्रत्येक यंत्राला हाच एक सवाल करावा, की तुला संख्या हवी की नाव; आणि नावच हवे असेल, तर ते मागितल्याचे माणसाला कळलेच पाहिजे. नोकरी, शिधा, उपचार वा देवदर्शन यांपैकी कशासाठीही देहात चिप असण्याची अट कोणी घालू नये, असा स्पष्ट कायदा आपल्याकडे आजच व्हावा. चिपा स्वस्त होऊन कचेरीकचेरीत पोहोचल्यावर तो करू म्हटले, तर विरोध करणाऱ्यालाच आपल्या वर्तनाचा दाखला मागितला जाईल.