बाथरूमच्या टाइल्स, क्षार आणि ॲसिडची बाटली

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. पहिले म्हणजे माळ्यावरची धूळ झटकून दमा उसळलेले. दुसरे म्हणजे बाथरूम ‘चकाचक’ करताना ठसका लागलेले, हात भाजलेले किंवा चक्क पाय घसरून पडलेले. धुळीविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज बाथरूमविषयी लिहितो, कारण या दुसऱ्या प्रकारातले बहुतेक रुग्ण नको तितकी मेहनत केल्यामुळे आलेले असतात. टाइल्स स्वच्छ ठेवण्याचा सोपा मार्ग आहे आणि तोच प्रकृतीला सुरक्षितही आहे.

आधी टाइल्सवर नेमके काय साचते ते समजून घेऊ. नागपूरकरांना हे सांगायला कूलरपेक्षा चांगले उदाहरण नाही. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या ताट्या काढल्या की त्यांवर पांढरी, कडक खपली दिसते. पाणी उडून गेले आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे राहिले. बाथरूमच्या भिंतीवर हेच घडते. शॉवरचे किंवा तांब्याचे पाणी भिंतीवर उडते, थेंब तिथेच वाळतात आणि प्रत्येक थेंब आपला क्षार ठेवून जातो. पेंच आणि कन्हानचे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असते. बोअरचे पाणी खडकातून झिरपून येत असल्याने त्यात क्षार सहसा अधिक असतात. उन्हाळ्यात बोअरवर भिस्त असलेल्या घरांमधील टाइल्स लवकर पांढऱ्या पडतात त्या यामुळे.

दुसरा थर साबणाचा. जड पाण्यातील कॅल्शियमचा अंगाच्या साबणाशी संयोग झाला की एक करडा, चिकट, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. त्यात अंगावरचे तेल आणि मळ मिसळतो. फरशी बुळबुळीत होते ती बव्हंशी या साक्यामुळे. आणि या साक्यावरच तिसरा थर पोसला जातो. टाइल्सच्या जोडांमध्ये दिसणारे काळे ठिपके म्हणजे बुरशी. बादलीच्या काठाला किंवा नळाच्या बुडाशी येणारी गुलाबी बुळबुळ म्हणजे जिवाणूंची वसाहत. निरोगी माणसाला त्या गुलाबी बुळबुळीपासून सहसा काही होत नाही.

तिन्ही थरांना लागते ते एकच, साचून राहिलेले पाणी. मे महिन्यात नागपुरात बाथरूमची भिंत पाहता पाहता कोरडी होते, त्यामुळे बुरशी फारशी दिसत नाही, मात्र क्षार साचतात. श्रावण-भाद्रपदात उलट होते. भिंत दिवसभर ओली राहते आणि जोड काळे पडू लागतात. म्हणून पाणी भिंतीवर वाळूही द्यायचे नाही आणि साचूही द्यायचे नाही, ते खाली ओढून काढायचे. फरशी पुसायचा रबरी वायपर सगळ्यांच्या घरी असतो. त्याचाच एक लहान, हातात धरायचा प्रकार बाजारात मिळतो. तो बाथरूमच्या खुंटीला टांगून ठेवावा. शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंतीवरून वरून खाली चार-सहा हात मारावेत, फरशीवरचे पाणी नालीकडे ओढावे आणि दार व खिडकी उघडी ठेवून बाहेर यावे. दोन मिनिटांचे काम आहे. बहुतेक घरांत शेवटी आंघोळ गृहिणीचीच असते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हा नियम ‘ज्याने त्याने आपापले पाणी ओढावे’ असा केला तर अधिक न्यायाचे होईल. ऑफिसला उशीर होतो ही सबब दोन मिनिटांना लागू पडत नाही.

एवढे रोज झाले तर आठवड्यातून एकदा धुण्याच्या पावडरीचे पाणी शिंपडून साधा ब्रश फिरवणे पुरते. साका चिवट असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्याने घासावे. बादली, पाट, साबणाची डबी भिंतीला चिकटून ठेवू नयेत. त्यांच्या मागे ओल राहते.

आधीच साचलेल्या पांढऱ्या थराचे काय? क्षार आम्लात विरघळतात हे खरे. पण त्यासाठी सौम्य आम्ल पुरते. किराणा दुकानातील लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दोन मोठे चमचे घेऊन एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावे, त्यात फडके भिजवून थर असलेल्या जागी वीस मिनिटे चिकटवून ठेवावे, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. थर जुना असेल तर दोन-तीन वेळा करावे लागते. शॉवरची चाळणी काढून त्याच पाण्यात बुडवून ठेवली की बंद झालेली भोके उघडतात. एक सावधगिरी मात्र हवी. ही युक्ती चकाकीच्या टाइल्ससाठी आहे. शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. लिंबूसत्वही त्यांना खाते आणि फरशी कायमची खरबरीत होते. तिथे साबणाचे पाणी आणि ब्रश, एवढेच.

आता ॲसिडच्या बाटलीकडे वळतो. संडास-बाथरूमसाठी विकले जाणारे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. टाकले की फसफसते आणि टाइल पांढरीशुभ्र दिसते, म्हणून ते लोकांना आवडते. पण त्या फसफसण्यात क्षारांबरोबर टाइल्सच्या जोडांमधले सिमेंटही जात असते. जोड पोकळ झाले की त्यात पाणी शिरते, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि बुरशीला कायमचे घर मिळते. म्हणजे दर दिवाळीला ॲसिड वापरणाऱ्याचे बाथरूम दरवर्षी आधीपेक्षा लवकर घाण होते.

हे नुकसान पैशांचे. खरी भीती निराळी आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर चाळिशीच्या एक बाई सतत खोकत, डोळे लाल, बोलताही येत नाही अशा अवस्थेत माझ्याकडे आल्या. जोडांतील काळे डाग जावेत म्हणून त्यांनी ब्लीचिंग पावडर टाकली होती, आणि त्याने भागेना म्हणून वरून ॲसिड ओतले होते. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. 22 एप्रिल 1915 रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्याचे नाक नेमके तिथेच असते. त्यातून दार बंद, खिडकी लहान. या बाईंना ऑक्सिजनसाठी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले आणि त्या बऱ्या झाल्या.

तेव्हा ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटचे पाणी कोणत्याही आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. संडासासाठीच्या तयार बाटल्यांमध्येही बहुधा ॲसिडच असते. लिंबूसत्व आणि व्हिनेगरलाही हाच नियम लागू. काळ्या डागांवर ब्लीचिंग वापरायचेच असेल तर लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे, दार-खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, आणि लिंबूसत्व वापरण्याचा दिवस वेगळा. दम्याच्या रुग्णाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

चुकून असा वायू झालाच तर नळ सोडत, धूत बसू नका. ताबडतोब मोकळ्या हवेत या, शिंतोडे उडालेले कपडे काढा, डोळे चुरचुरत असतील तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. छाती आवळल्यासारखी वाटली, धाप लागली किंवा खोकला थांबेना तर मेडिकल, मेयो, जे जवळ असेल ते गाठा. सुरुवातीला बरे वाटून काही तासांनी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या रात्री एकटे झोपू नका. ॲसिड अंगावर पडले तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धरा, वरून सोडा किंवा मलम नको. आणि मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नका. घशाला जाताना भाजले, तेच परत येताना दुसऱ्यांदा भाजते. चूळ भरायला लावून बाटलीसकट रुग्णालयात न्या.

मुलाच्या हाती ॲसिड लागते ते बहुधा ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली खुल्या ॲसिड विक्रीवर निर्बंध घातले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि नोंद ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. तरीही दारावर फिनाईलवाला येतो तेव्हा घरातली रिकामी बाटली पुढे करण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडावी.

“डॉक्टर, अस्वच्छ बाथरूममुळे कोणते रोग होतात?” असे लोक विचारतात. खरे सांगायचे तर पांढऱ्या डागांनी कोणी आजारी पडत नाही. बुरशीचा त्रास दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांना होतो. नायटा-गजकर्ण पसरतो तो भिंतीपेक्षा एकमेकांच्या ओल्या टॉवेलमुळे. माझ्या मते बाथरूममधील सर्वांत मोठा धोका घसरण्याचा आहे. सत्तरीच्या आबाजींचा पाय साबणाच्या साक्यावरून सरकतो, खुब्याजवळचे हाड मोडते, ऑपरेशन होते, आणि अनेकांची काठी मग सुटतच नाही. काहींचे अंथरूणही सुटत नाही. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांचा तोल आणखी लवकर जातो. म्हणून घरात वयस्क माणूस असेल तर त्याच्या आंघोळीआधी फरशीवरचे पाणी ओढून घ्यावे, बसायला जड, न सरकणारे स्टूल द्यावे आणि भिंतीत धरायला स्टीलची दांडी पक्की बसवून घ्यावी. टॉवेलच्या नळीला धरून उठू देऊ नये, ती उखडते. नव्याने टाइल्स बसवणार असाल तर चकाकी भिंतीला ठेवा, जमिनीला खरबरीत टाइल्स घ्या.

थंडीत गार वारा येतो म्हणून बाथरूमची खिडकी पुठ्ठा लावून बंद करतात, तेही करू नये. ओल आत राहतेच, शिवाय आत गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडने आंघोळ करणारा बेशुद्ध पडू शकतो. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. आणि वृद्धांनी आंघोळीला जाताना आतून कडी लावू नये. दार नुसते लोटून घ्यावे किंवा बाहेरून उघडता येईल असा खटका सुताराकडून लावून घ्यावा.