नाल स्वस्त, पाय महाग

आमचा धंदा कापडाचा. वडिलांच्या काळी भंडाऱ्याहून मोहाडी, तुमसर या बाजूच्या आठवडी बाजारांना आमचे गठ्ठे टांग्यातून जात. तुमसरच्या पुढे डोंगराळ, मुरमाड वाटा लागतात.

ऐन दिवाळीच्या हंगामात आम्ही एक शहाणपण केले. तयार नाला घाऊक भावात मिळाल्या म्हणून एकदम घेऊन ठेवल्या. नालबंद म्हणाले, "माप लहान आहे." आम्ही ऐकले नाही. शेवटी त्यांनी नाइलाजाने खूर कानशीने घासून नालेच्या मापाचे केले. तिसऱ्या दिवशी घोडा लंगडू लागला. पुढचे तीन आठवडे टांगा उभा राहिला आणि हंगाम हातचा गेला. कापड अंगाप्रमाणे बेततात, अंग कापडाप्रमाणे कापत नाहीत, हे आम्हा कापडवाल्यांना तरी कळायला हवे होते.

आज टांगे कमी झाले, तरी वरातीची घोडी आणि गाडीचे घोडे यांच्यावर काही घरांची रोजी चालते. त्या बंधूंसाठी हे चार हिशेब.

पहिला हिशेब जमिनीचा. मऊ शेतात, हलक्या कामाला असलेल्या जनावराला नालेशिवायही चालते. खूर वेळेवर तासले म्हणजे झाले. खडीवर रोज ओझे ओढायचे असेल तर खूर वाढण्यापेक्षा लवकर झिजते. तिथे लोखंडी नालच टिकाऊ. ॲल्युमिनियमची नाल हलकी म्हणून शर्यतीला ठीक. दगडावर ती लवकर झिजते. बाहेरच्या देशांत रबरी बूटही वापरतात. ते काढता-घालता येतात, पण माप चुकले तर कातडी सोलवटते.

दुसरा हिशेब पाण्याचा. आपल्या जिल्ह्यात पावसाळाभर चिखल असतो. ओल्याने खूर मऊ पडते आणि तेच खूर खडीवर गेले की तळव्याला मुका मार बसतो. काही जण नालेखाली चामड्याचा थर देतात. दगडाचा मार त्याने कमी होतो, पण आत ओल आणि वाळू अडकून तळवा सडू शकतो. म्हणून पावसाळ्यात हा उपाय जपून करावा. तबेल्याची जमीन कोरडी ठेवणे आणि रोज खुरातले खडे काढणे याला खर्च नाही.

तिसरा हिशेब खिळ्यांचा. खिळा खुराच्या बाहेरच्या कवचातूनच जायला हवा. तळव्याच्या कडेला दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या आत गेला तर तो जिवंत मांसाला लागतो. वजन पडताच खुराचा मागचा भाग पसरतो, म्हणून टाचेकडे खिळे मारत नाहीत. नाल मारल्यावर घोडा लंगडला किंवा खूर गरम लागले तर त्याच दिवशी नालबंदाला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस आधीच टोचून घ्यावी.

चौथा हिशेब तारखेचा. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. नाल झिजली नसली तरी 4 ते 6 आठवड्यांनी ती काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. "अजून चालते आहे" म्हणून दोन-तीन महिने ओढणे ही बचत नव्हे.

वरातवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर झिजलेली नाल घसरते आणि पाठीवर नवरदेव असतो. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले खिळे पकड देतात. पण पकड जास्त झाली तर सांध्यांवर ताण येतो, म्हणून ते मोजकेच लावावेत.

‘नाल’ हा शब्द अरबी ‘नअल’वरून आला, अर्थ जोडा. मराठेशाहीत स्वारांना घोडा तयार ठेवण्यासाठी देत त्या आगाऊ रकमेलाही ‘नालबंदी’ म्हणत. म्हणजे मोहिमेचा पहिला खर्च घोड्याच्या पायांचा.

आम्ही त्या दिवाळीनंतर दोन नियम केले. नालबंदीची तारीख खातेवहीत लिहायची आणि नालबंदाच्या मजुरीत घासाघीस करायची नाही. त्यानंतर आमचा टांगा नालेपायी कधी उभा राहिला नाही.