राजाची मेणबत्ती धरणारा ड्यूक

१६९६ साली एकवीस वर्षांचा एक फ्रेंच ड्यूक आपल्या ‘मित्रा’ला घेऊन ला त्राप या मठात गेला. मित्र लष्करी अधिकारी आहे, बोलताना अडखळतो, तेव्हा बोलणार काही नाही. तिथले संन्यासी राँसे यांचं नुसतं दर्शन घ्यावं एवढीच त्याची इच्छा आहे, असं त्यानं सांगितलं. पाहुणा पाऊण तास राँसेंच्या चेहऱ्याकडे टक लावून बसला, मग उठून बाजूच्या खोलीत गेला आणि डोळ्यांत साठवलेलं सगळं कॅनव्हासवर उतरवू लागला. तो होता नामवंत चित्रकार रिगो. राँसे स्वतःचं चित्र काढू देत नसत आणि हा तरुण तो चेहरा विस्मृतीत जाऊ द्यायला तयार नव्हता. पुढे त्यानं पत्र लिहून हा दगा कबूल केला. दगा मला रुचला नाही, पण दगा देणारा आवडतो, अशा अर्थाचं उत्तर राँसेंनी धाडलं.

हा तरुण म्हणजे लुई, ड्यूक द सँ-सिमाँ. समाजवादी विचारांचा सँ-सिमाँ आपल्याकडे अधिक ठाऊक आहे. तो याच घराण्यातला, पण दूरच्या नात्यातला आणि बऱ्याच नंतरचा. रिगोनं मठात जे केलं, तेच या ड्यूकनं लुई चौदाव्याच्या दरबाराचं केलं. डोळे भरून पाहिलं, आतल्या खोलीत गेला आणि लिहिलं.

घराण्याला मोठेपण मिळालं ते घोड्यांमुळे. वडील क्लोद हे तेराव्या लुईच्या पागेतले पोरसवदा सेवक. शिकारीत ताजा घोडा राजापुढे आणताना ते त्याचं तोंड दमलेल्या घोड्याच्या शेपटीकडे करून उभा करत, म्हणजे राजाला जमिनीवर पाय न टेकता एकावरून दुसऱ्यावर जाता येई. राजाची मर्जी बसली आणि १६३५मध्ये ड्यूकपद मिळालं. १६७५ साली मुलगा झाला तेव्हा वडील सत्तरीच्या जवळ पोचले होते. त्यांनी सांगितलेल्या जुन्या राजाच्या आठवणी मुलानं जन्मभर देवघरातल्या मूर्तीसारख्या जपल्या.

व्हर्सायमध्ये मात्र काळ बदलला होता. लुई चौदाव्यानं देशभरातले सरदार आपल्या डोळ्यांसमोर आणून ठेवले होते. अधिकार जाऊन हाती उरला होता मानपान. राणीसमोर डचेसनं पाठ नसलेल्या स्टुलावर बसायचं आणि बाकीच्या स्त्रियांनी उभं राहायचं. त्या एवढ्याशा स्टुलासाठी घराणी झुरत. राजा निजायला निघाला की सभोवार नजर टाकून एका मानकऱ्याचं नाव घेई, आणि तो मानकरी हातमोजा काढून मेणबत्तीदाणी हाती धरी. खोलीत दिव्यांचा लखलखाट असे, मेणबत्तीची गरज कोणालाच नसे. सँ-सिमाँ या सगळ्याविषयी पोटतिडकीनं लिहितो, आणि ती पोटतिडीक मला क्षुद्र वाटत नाही. ज्या जगात दुसरं काहीच मिळवण्यासारखं उरलेलं नाही, तिथे मेणबत्ती हीच जहागीर. १७०२मध्ये बढतीत डावलल्यामुळे त्यानं सैन्य सोडलं. राजाला ते झोंबलं. तरी त्या दिवसांत एका रात्री राजानं त्याचंच नाव घेतलं आणि मेणबत्ती त्याच्या हाती आली. त्यानंतर मात्र तीन वर्षं राजाची नाराजी सोसावी लागली.

त्याची नजर किती धारदार होती, ते १७११च्या एप्रिलमधल्या एका रात्री दिसतं. युवराज देवीच्या आजारानं गेला. बातमी येताच अर्धवट कपड्यांतली माणसं महालात गोळा झाली. कोण खरं रडतंय, कोण डोळे पुसण्याच्या निमित्तानं चेहरा लपवतंय, कोणाला आनंद आवरेना, हे सगळं तो टिपत होता. हा युवराज गादीवर आला तर आपलं काही खरं नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून स्वतःच्या मनाला वाटलेली सुटकेची भावनाही तो लपवत नाही. अशात जवळच्या बिछान्यातला एक धिप्पाड स्विस पहारेकरी उघडा हात बाहेर काढून आळोखेपिळोखे देत जागा झाला, भोवतीची थोरामोठ्यांची गर्दी पाहून गोंधळला आणि पुन्हा पांघरुणात शिरला. एका साम्राज्याचा वारस गेलेला असताना हा हात पाहणारा डोळा दुर्मीळच.

नवा युवराज, बर्गंडीचा ड्यूक, ही सँ-सिमाँची सगळी आशा. १७१२च्या फेब्रुवारीत आधी त्याची पत्नी आणि सहा दिवसांनी तोही गेला. १७१५मध्ये राजा वारल्यावर बालमित्र ऑर्लेआँचा ड्यूक राज्याचा कारभारी झाला आणि सँ-सिमाँला कारभारी मंडळात जागा मिळाली. स्पेनला वकील म्हणून जाणंही घडलं. पण कारभार चालवणं हा त्याचा पिंड नव्हता. १७२३मध्ये मित्र गेला आणि दरबाराची दारं मिटली.

खरं काम, म्हणजे दरबाराच्या आठवणी लिहिणं, पुढेच झालं. टिपणं तो १६९४पासून, लष्करी छावणीत असल्यापासून ठेवत होता. दांज्यो या दरबाऱ्याची रोजनिशी हाती आली. त्यात तारखा होत्या, माणसं नव्हती. ती माणसं घालायला तो १७३९च्या सुमारास बसला आणि जवळपास दहा वर्षं लिहीत राहिला. बारीक अक्षरातली २,८५४ पानं झाली.

मध्येच, १७४३च्या जानेवारीत, पत्नी गेली. जवळपास अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. हजारो माणसांची अंतःकरणं उसवून दाखवणाऱ्या या लेखणीला त्या जागी शब्द सुचले नाहीत. त्यानं क्रूस आणि अश्रूंच्या थेंबांची एक ओळ तेवढी काढली आणि काही महिने लिहिणं थांबवलं.

१७५५मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलं होतं, की ला फेर्ते-विदाम या आपल्या गावी आम्हा दोघांच्या शवपेट्या लोखंडी कड्यांनी एकमेकींना जखडून ठेवा, कोणाला त्या वेगळ्या करता येऊ नयेत. १७६०मध्ये सरकारनं त्याचे कागद परराष्ट्र खात्याच्या दफ्तरात बंद केले. अस्सल संहिता छापून यायला १८२९ उजाडलं. तोवर क्रांती होऊन गेली होती. तिच्या धामधुमीत त्या दोघांच्या शवपेट्यांचं तळघर फोडलं गेलं, आतले देह बाहेर काढले गेले. हस्तलिखित मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यात ती थेंबांची ओळही.