आठवड्याचे बारा तास

वाचकहो, आपल्या घरात सध्या कोणी शिकत आहे काय? शाळकरी मुलांविषयी हा प्रश्न नाही. दिवसा कचेरीत, दुकानात, इस्पितळात किंवा स्वयंपाकघरात राबून रात्री मोबाईलच्या लहानशा पडद्यावर व्याख्यान ऐकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याविषयी तो आहे. ती घरची थोरली सून असेल, धाकटा दीर असेल, किंवा लग्नापायी पदवी अपुरी राहिलेली बहीण असेल. घरच्या मंडळींना ती व्यक्ती शिकत आहे एवढे ठाऊक असते. तिच्या मनातल्या दोन काळज्या मात्र बहुधा ठाऊक नसतात. पुढील वर्षाचे शुल्क कोठून भरावे, ही पहिली; आणि अभ्यास वेळेत पुरा कसा व्हावा, ही दुसरी. या काळज्या वरवर वेगळ्या भासतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे, असे स्वानुभवावरून माझे मत झाले आहे. तो हिशेब आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

टपालापासून पडद्यापर्यंत

घरी राहून पदवी मिळविण्याची सोय आपल्या देशात नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, तेव्हा छापील पाठ टपालाने घरी येत. पुढे १९८२ साली हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे ‘इग्नू’, अस्तित्वात आले. आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या संस्था संपूर्ण पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन चालवू शकतात. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या महाविद्यालयीन पदवीच्या बरोबरीची आहे, हेही आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. बदलीच्या नोकरीमुळे आज इंदूर तर उद्या हैदराबाद असा संसार मांडणाऱ्या कुटुंबांना ही सोय किती मोलाची, हे सांगावयास नको.

तथापि या सोयीबरोबर एक अडचणही घरात आली. पूर्वी पाठांचा जाडजूड लखोटा घेऊन पोस्टमन दारी आला की सर्वांना कळे, अभ्यास आला! आजचा पाठ निःशब्दपणे मोबाईलमध्ये उतरतो. पडद्याकडे पाहणारी व्यक्ती अर्थशास्त्र वाचीत आहे की करमणूक करून घेत आहे, हे जवळ बसलेल्यासही समजत नाही. साहजिकच ‘जरा हे बघ, जरा ते आण’ अशी हाक तिलाच प्रथम मारली जाते. विद्यार्थी घरात आहे, पण त्याचा अभ्यास घरच्यांना दिसत नाही.

शुल्क आणि शुल्काबाहेरचा खर्च

प्रथम पैशाचा विचार करू. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात वार्षिक शुल्काचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि कुटुंबे बहुधा तेवढ्याचीच तरतूद करतात. प्रत्यक्षात त्यापुढे प्रत्येक विषयाचे परीक्षाशुल्क असते. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असल्यास जाण्यायेण्याचे भाडे, रोजंदारीवर काम करणाऱ्याची बुडालेली मजुरी, इंटरनेटचा मासिक खर्च आणि क्वचित नवा मोबाईल, हे सर्व त्यात मिळवावे लागते. ही यादी प्रवेशापूर्वीच एका कागदावर लिहून काढावी.

शुल्क भरण्याआधी आणखी एक खबरदारी अवश्य घ्यावी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची व अभ्यासक्रमांची यादी असते. आपली संस्था, आपला अभ्यासक्रम आणि आपले सत्र ही तिन्ही तीत आहेत, हे स्वतः पाहावे. २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेल्या सत्रापासून अशा प्रवेशासाठी त्याच विभागाचा ‘डेब आयडी’ हा ओळखक्रमांकही लागतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या यांसारख्या पदव्या ऑनलाइन देण्यास परवानगी नाही. कोणी देऊ केल्यास त्या घेऊ नयेत. ‘सुलभ मासिक हप्ते’ असे सांगितले गेल्यास कागदावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे की, हा हप्ता विद्यापीठास जाणार की एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीस? कंपनीस जाणार असेल तर ते कर्जच होय. अभ्यास सोडला तरी ते सुटत नाही.

पुस्तकांचा खर्च मात्र बराच वाचविता येतो. इग्नूचे पाठ ‘ईज्ञानकोश’ या संग्रहात विनामूल्य वाचावयास मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयं’ या सरकारी व्यासपीठावरील पाठही विनामूल्य ऐकता येतात. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. ज्यांच्याकडे इंटरनेट पुरेसे नाही त्यांच्यासाठी ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत. शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल पाहावे, आणि आपल्या अभ्यासक्रमास ती लागू आहे की नाही हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

एवढी काटकसर करूनही अनेकांचे पैसे बुडतात. कोठे? माझे कोठे बुडाले, ते सांगते.

माझा हिशेब कोठे चुकला

मी अनुवादाचे आणि संपादनाचे काम करते. बी. ए. झाल्यावर लगेच नोकरी लागली आणि पुढील शिक्षण राहून गेले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी एम. ए.साठी ऑनलाइन प्रवेश घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एकूण दहा विषय. पहिल्या वर्षाचे पाचही विषय घेतले, शुल्क भरले आणि पाचही विषयांचे परीक्षाशुल्कही भरले. प्रत्यक्षात परीक्षेस बसले तीन विषयांच्या, आणि उत्तीर्ण झाले दोहोंत. दोन विषयांचे स्वाध्यायच पाठविले नव्हते. तीन विषयांचे परीक्षाशुल्क अशा रीतीने वाया गेले. पुढील वर्षाचे शुल्क भरावयाची तारीख जवळ आली तेव्हा मुलीच्या शाळेचेही शुल्क द्यावयाचे होते. ‘हे सारे सोडून द्यावे’ असे त्या आठवड्यात मी घरी दोनदा बोलून दाखविले.

सोडण्यापूर्वी एकदा माहितीपुस्तिका पुन्हा उघडली. तीत एक वाक्य होते, जे प्रवेशाच्या घाईत मी वाचूनही वाचले नव्हते. एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास अपेक्षित आहे, असे ते वाक्य. इग्नूसह आपल्याकडील मुक्त विद्यापीठे याच मापाने अभ्यास मोजतात. व्याख्याने ऐकणे, वाचन, स्वाध्याय आणि उजळणी हे सर्व त्या ३० तासांत येते.

आता गणित पाहा. माझ्या एम. ए.चे श्रेयांक ८०. म्हणजे २,४०० तास. ते दोन वर्षांत संपवावयाचे तर आठवड्याला सुमारे २३ तास हवेत. माझ्यापाशी किती होते? सोमवार ते शुक्रवार पहाटे सव्वापाच ते साडेसहा, आणि रविवारी दुपारी तीन तास. बेरीज सव्वानऊ! सव्वानऊ तासांच्या पात्रात मी तेवीस तासांचा अभ्यास ओतीत होते, आणि सांडले म्हणून स्वतःच्या बुद्धीला दोष देत होते.

पदवीच्या विद्यार्थ्यांसही हेच गणित लागू पडते. १२० श्रेयांकांची पदवी म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांत संपविल्यास आठवड्याला २३ तास, आणि सहा वर्षांत संपविल्यास साडेअकरा. इग्नूसारखे विद्यापीठ तीन वर्षांच्या पदवीस सहा वर्षांपर्यंत मुदत देते, ती नोकरी व संसार सांभाळणाऱ्यांसाठीच होय. ही मुदत वापरण्यात कोणताही कमीपणा नाही.

भाषेचाही विचार या हिशेबात धरावा. मातृभाषेतील पान जेवढ्या वेळात वाचून होते, तेवढ्या वेळात परभाषेतील पान होत नाही, हे माझ्या व्यवसायामुळे मी खात्रीने सांगू शकते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी पाठ घेतले असतील तर पहिल्या सत्रात विषय आणखी कमी घ्यावेत. पारिभाषिक शब्दांची एक वही करावी. दुसऱ्या सत्रात तिचा उपयोग दिसू लागतो.

पैसा बुडतो तो येथे. तास न मोजता घेतलेला प्रत्येक विषय परीक्षाशुल्क खातो, एक सत्र खातो, आणि शेवटी मुदत संपली तर आधी भरलेले सारे धोक्यात येते. पैशाची काळजी आणि अभ्यासाची काळजी एकाच मुळाची आहे, असे म्हटले ते याच अर्थाने.

तीन तास कोठून आणावे?

माझे दोन विषय झाले होते, आठ उरले होते, आणि मुदतीची तीन वर्षे शिल्लक होती. ६४ श्रेयांकांचे १,९२० तास तीन वर्षांत वाटले तर आठवड्याला बारा तासांहून थोडे अधिक पडतात. माझ्यापाशी सव्वानऊ होते. उणे पडत होते ते आठवड्याचे तीन तास. तेवढ्यावर माझी पदवी अडली होती.

हा कागद मी घरी सर्वांसमोर ठेवला. तोवर ‘मला अभ्यासाला वेळच मिळत नाही’ असे माझे गाऱ्हाणे असे, आणि त्यावर कोणास काही करता येत नसे. ‘आठवड्याला तीन तास कमी पडतात’ असे म्हटल्यावर मात्र बोलणे सरळ झाले. मंगळवार आणि शुक्रवार, सायंकाळी सात ते साडेआठ, मी आतल्या खोलीत बसावे. स्वयंपाक यजमानांनी करावा. मुलीचा गृहपाठ सासऱ्यांनी घ्यावा, असे ठरले. पहिले काही दिवस पिठले-भातावर निभावले. नातेवाईक आले की सवय मोडे, आणि ते तास शनिवारी भरून काढावे लागत. तरी ते बहुतेक आठवड्यांत मिळाले, आणि दुसऱ्या वर्षाअखेर पाच विषय झाले, पाच उरले. गणिताने जेवढे सांगितले होते, तेवढेच झाले.

मध्येच थांबावे लागले तर

आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणे, अशी संकटे कोणावरही येतात. अशा वेळी अभ्यास थांबवावा लागला तरी तो कागदोपत्री, रीतसर थांबवावा. येथे एका मोठ्या विद्यार्थ्याचे उदाहरण आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनला शिकावयास गेले, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. परंतु येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी वेतनातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेतले, आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. त्या परवानगीने त्यांचे परतीचे दार उघडे ठेवले होते.

आज असे दार उघडे ठेवण्याची साधने अधिक आहेत. २०२१ च्या नियमांनुसार ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मिळविलेले श्रेयांक जमा राहतात आणि सामान्यतः सात वर्षांपर्यंत ते उपयोगात आणता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे रचलेल्या पदवी अभ्यासक्रमांत एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. आपल्या अभ्यासक्रमात ती आहे की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

एक कागद, एक प्रश्न

वाचकहो, आपल्या घरचा विद्यार्थी आज रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाईल घेऊन बसेल, तेव्हा ‘किती गुण मिळतील?’ असे त्याला विचारू नका. एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवा. श्रेयांक किती उरले, त्यांचे तास किती होतात, मुदतीचे आठवडे किती आहेत आणि सध्या आठवड्याला किती तास मिळतात, एवढे चार आकडे त्यावर लिहावयास सांगा. मग एकच प्रश्न करा: ‘किती तास कमी पडतात?’

उत्तर दोन येईल, तीन येईल, कदाचित पाच येईल. पाच आले तर त्या सत्रात एक विषय कमी घेऊन त्याचे परीक्षाशुल्क वाचवा. दोन-तीन आले तर घरातील कोणते काम कोणी उचलावयाचे, ते तेथेच ठरवा आणि त्या कागदाच्या तळाशी लिहून ठेवा. आमच्या घरी तो कागद अजूनही स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटविलेला आहे. शुक्रवारी सायंकाळी सात वाजले की मुलगीच तो मला वाचून दाखविते.